रागावून बोल

१

"काय दिसतंय?" एलिफासनं विचारलं.

"गवत," लोईडे म्हणाली.

"आणि गवतात?"

"गवतात गवतच."

तो हसला. सकाळी उत्तरेच्या फाटकातून एतोशाच्या राखीव रानात शिरल्यापासून हेच चाललं होतं. ती गाडी चालवत होती, तो विचारत होता. खडीचा रस्ता नाकासमोर सरळ गेलेला. उजव्या हाताला मिठाचं सपाट मैदान, इतकं पांढरं की तिकडे पाहिलं की डोळे आपोआप बारीक व्हायचे. एलिफासचे डोळे मात्र टक्क उघडे होते. साखरेनं डावा डोळा पूर्ण नेला होता, आणि उजव्यात नुसता उजेड आणि सावली एवढंच उरलं होतं.

उभं आयुष्य त्यानं ट्रक चालवला. त्सुमेबला माल भरायचा आणि सरहद्दीपर्यंत न्यायचा. या रानाच्या कुंपणाजवळून तो किती वेळा गेला असेल, त्याला गणती नाही. फाटकाची पाटी दिसली की म्हणायचा, पुढच्या खेपेला आत जाऊ. ती खेप कधी आलीच नाही. मग त्यांच्या मुलीनं, तुयेनीनं, विंडहुकहून फोन करकरून आईला भंडावून सोडलं. "ममा, एकदा घेऊन जा ना त्याला. माझी गाडी ने. दिसत नाही तर काय झालं, तू सांग की त्याला."

तू सांग की. तुयेनीला बोलायला काय जातं.

लोईडे ओशाकातीला इस्पितळात नर्स होती. वॉर्डात दिवसभर सांगायचं, हात इकडे करा, लांब श्वास घ्या, डॉक्टर येतायत. घरी आलं की एलिफासला सांगायचं, ताटात उजवीकडे लापशी आहे, डावीकडे भाजी, समोर पायरी आहे, अजून एक पायरी आहे. तिचं तोंड तिचं राहिलंच नव्हतं. घरातल्या वस्तू निदान एका जागी तरी राहतात. इथे सगळंच हलणारं.

पहिल्या पाणवठ्यावर तिनं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि मान मागे टेकली.

"झेब्रे आहेत. पंधरा-वीस. आणि हरणं."

"काय करतायत?"

"पाणी पितायत."

"हो," एलिफास म्हणाला. "ऐकू येतंय."

खरंच येत होतं. सूं सूं करत झेब्रे पाणी ओढत होते. इतक्या जवळ गाडी येऊन उभी राहिली तरी एकानंही मान वर केली नाही. इथली जनावरं गाडीला भीत नाहीत. त्यांच्या लेखी गाडी म्हणजे एक मोठं, निरुपद्रवी ढेकूळ. आत कोण आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. माणूस दारातून खाली उतरला, की मात्र तो त्यांना दिसतो. म्हणून उतरायचं नाही, एवढा एकच नियम.

एलिफास काच खाली करून ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच महिन्यांनी काहीतरी उमललं होतं. लोईडेला ते दिसलं. बरंही वाटलं. पण त्याहून जास्त तिला झोप येत होती.

२

उतरायला परवानगी होती ती फक्त कुंपण घातलेल्या थांब्यांवर. तारेचं आवार, लोखंडी फाटक, आत एक बाभूळ, सिमेंटचं टेबल आणि पत्र्याच्या छपराचा संडास. लोईडेनं फाटक उघडून गाडी आत घेतली, परत जाऊन कडी लावली आणि गाडी बाभळीखाली उभी केली.

"तुला जायचंय?"

"नको. तू ये जाऊन."

"दार उघडू नकोस."

"कुठे जाणार आहे मी?"

आत भिंत गार होती. तिनं हात धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि कपाळ भिंतीला टेकवलं. एकच क्षण, असं तिनं ठरवलं होतं. कुणी काही विचारत नव्हतं. तिला वाटलं, कुणीतरी थोडा वेळ आपल्या जागी जाऊन बसावं त्याच्यापाशी. फार नाही, थोडाच वेळ. ती तशीच उभी राहिली. किती वेळ, कुणास ठाऊक.

बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

दुसरं कुणी प्रवासी आलं असणार, असं समजून तिनं पिवळा झगा सारखा केला आणि बाहेर आली. आवारात गाडी एकच होती, तिची. फाटकाची कडी लावलेली तशीच होती. एलिफास आपल्या जागी बसलेला. मांडीवर पाण्याची बाटली, हातात तिचं झाकण, हनुवटी ओली.

"आता कुठे गेली होतीस पुन्हा?" तो म्हणाला.

"पुन्हा म्हणजे?"

"आत्ता तर येऊन मागे बसली होतीस. पाणी दिलंस. मग परत उतरलीस का?"

"मी मागे कशाला बसेन?"

"बरं, नाही बसलीस," एलिफास म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस ज्या सुरात म्हणतो त्या सुरात.

"पाणी कुणी दिलं तुला?"

"तूच. आणि चक्क न बडबडता दिलंस, म्हणून तर लक्षात राहिलं."

तिनं आधी त्याची साखर तपासली. आकडा ठीक होता. मग तिनं मागची सीट पाहिली. बाटली तिनं मागे ठेवली होती, त्याच्या सीटच्या पाठीमागे खाली. त्याचा खांदा आखडलेला, हात मागे जात नाही. पण माणसाला तहान लागली की जातोही हात. खाण्याची पिशवी सीटच्या मधोमध होती, ती आता एका कडेला, खिडकीशी सरकलेली होती. तिच्या शेजारची जागा मोकळी. वळणावर सरकली असेल, लोईडे स्वतःशी म्हणाली. रस्ता सरळ होता हे तिला आठवलं, पण तिनं त्यावर विचार केला नाही. गाडी सुरू केली.

३

पुढचा पाणवठा मोठा होता. पलीकडच्या काठावर ओरिक्स होते, लांब सरळ शिंगांचे. अलीकडे झेब्रे, आणि अगदी जवळ एक जिराफ पुढचे पाय फाकवून पाण्यावर वाकलेला. लोईडेनं इंजिन बंद केलं.

जिराफानं मान उचलली. फाकलेले पाय तसेच ठेवून त्यानं गाडीकडे पाहिलं. मग झेब्र्यांनी माना वर केल्या, एकामागून एक. मग पलीकडच्या काठावर ओरिक्सची शिंगं वर झाली. सगळ्यांच्या तोंडांतून पाणी ठिबकत होतं. एकही जनावर पीत नव्हतं, शेपटी हलवत नव्हतं, पळतही नव्हतं.

"काय दिसतंय?"

"झेब्रे. जिराफ आहे एक."

"काय करतायत?"

"पितायत."

एलिफासनं खिडकीकडे कान केला. "आवाज नाही येत."

"लांब आहेत. वारा आहे."

"वारा नाहीये, लोईडे."

वारा नव्हता. ती त्या नजरांकडे बघत होती. मग तिच्या लक्षात आलं की त्या तिच्यावर नाहीतच. जनावरं तिच्या खांद्यावरून मागे बघत होती. तिनं गाडी सुरू करून थोडी पुढे घेतली. माना वळल्या, सगळ्या मिळून, सावकाश, आणि पुन्हा तिथेच येऊन थांबल्या. तिच्या मागच्या खिडकीवर.

मांसाचा वास, तिनं विचार केला. पिशवीत सुकवलेलं मांस आहे. पण गवत खाणाऱ्यांना मांसाच्या वासाचं काय? गाडीखाली काही अडकलंय, फांदी, चिंधी. उन्हात काच चमकतेय. ती एकेक कारण काढत गेली आणि प्रत्येक कारण तिला तेवढ्यापुरतं पटत गेलं.

"का थांबलीस?" एलिफास म्हणाला. "छान सांगत होतीस."

"काय सांगत होते?"

"जिराफाचं. पाय फाकवून उभा आहे, गुडघे लटपटतायत, तोंडातून पाण्याची तार लोंबतेय." त्यानं हात हलवून ती तार दाखवली. "मला अगदी दिसला. मग एकदम गप्प झालीस."

जिराफाच्या तोंडातून पाण्याची तार लोंबत होती. लोईडेनं ते पाहिलं होतं. बोलली मात्र नव्हती.

आरशात बघायचं तिच्या मनात आलं. तिनं हात वर नेला आणि आरसा छताकडे फिरवून टाकला.

४

मैदानाच्या कडेनं जाताना समोरून रस्ता दुरुस्त करणाऱ्यांची पिवळी गाडी आली. चालवणारा म्हातारा एकटाच होता. त्यानं शेजारी आणून गाडी थांबवली आणि काच खाली केली.

"दिवस बरा गेला का, मेमे?" मोठ्या बाईला आदरानं म्हणतात तसं त्यानं विचारलं.

"बरा गेला. तुमचा?"

"आमचा रस्त्यातच जातो." तो हसला. मग वाकून एलिफासकडे पाहिलं. "ताते, तुमचा?"

"झकास," एलिफास म्हणाला. "गेंडा दिसला की अजून झकास जाईल."

मग म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. मागच्या खिडकीकडे मान झुकवली आणि म्हणाला, "मेमे, तुमचाही बरा ना?" आणि थांबला. इकडे असं विचारलं की उत्तर येईपर्यंत थांबतात, तसा. जरा वेळानं समाधान झाल्यासारखं मान हलवून त्यानं टोपी परत घातली.

"मागे कोण आहे?" लोईडेनं विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवून.

म्हातारा मिश्कील हसला. "भांडलात वाटतं. माझ्या घरीही दोन बहिणी आहेत, बायको आणि मेव्हणी. भांडल्या की एकमेकींना ओळखतच नाहीत. जुळ्या असून." त्यानं गियर टाकला. "पुढच्या पाणवठ्यावर जपून हं. सिंहीण बसलीय झाडाखाली. खाली उतरू नका कुणी."

"जरा थांबा ना, ताते," लोईडे म्हणाली. पण त्याची गाडी हलली होती, आणि मागे नुसती धूळ उभी होती.

धूळ बसेपर्यंत ती तिथेच राहिली. मग तिनं पट्टा सोडला आणि सगळं अंग वळवून मागे पाहिलं. पिशवी होती. चादर होती. उशी होती. खाली ओशीकुंडूची, म्हणजे बाजरीच्या आंबिलीची बाटली. माणूस नव्हतं. तिनं हात लांब करून मोकळी जागा चाचपली. सीट ऊबदार होती. ऊन आहे, ती म्हणाली. पण ऊन त्या बाजूला नव्हतं, एलिफासच्या बाजूला होतं.

"काय शोधतेस?" एलिफासनं विचारलं.

"काही नाही. परत जाऊ या का?"

"एवढ्यात?" त्याचा चेहरा पडला. "आत्ताच तर मजा यायला लागली होती. तू दमलीस का?"

दमलीस का. हा प्रश्न त्यानं किती दिवसांत विचारला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याला दिसण्याचा प्रश्न नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "जाऊ पुढे. फाटकाकडे तोच रस्ता जातो."

५

त्यानंतर ती बोलली नाही. मुद्दाम नाही बोलली. काय होतं ते बघायचं होतं तिला.

काहीच झालं नाही. एलिफास बाहेर तोंड करून बसला होता, कान मात्र किंचित मागे. मधेच मान डोलवायचा. मधेच "हं" म्हणायचा. एकदा हसला, अगदी लग्नाआधी हसायचा तसा, घशातून. लोईडे कान देऊन ऐकत होती. इंजिन, चाकांखालची खडी, आणि एकदा मागच्या सीटची स्प्रिंग करकरली. शब्द एकही नाही.

"हत्तीण? पिल्लासकट?" एलिफास म्हणाला.

लोईडेनं बाहेर पाहिलं. मोकळं मैदान होतं. गवतसुद्धा नव्हतं.

"कानांची टोकं झिजलेली," एलिफास हळूच म्हणाला, ऐकलेलं मनात ठेवून घ्यावं तसं. "आणि पिल्लू तिच्या पोटाखालून चालतंय. अहाहा." मग तो म्हणाला, "तुला ठाऊक आहे का, लोईडे, किती दिवसांत तू अशी बोलली नव्हतीस माझ्याशी. घाई नाही, चिडचिड नाही. मला वाटायचं, मी तुला ओझंच झालोय."

काय सांगणार होती? हे मी बोलत नाहीये, असं? आणि मग पुन्हा आपणच सुरू करायचं, गवत, गवतात गवत?

वॉर्डात कधी कधी असं व्हायचं. शिफ्ट संपता संपता कुणी पेशंट हाक मारायचा, आणि दुसरी कुणी नर्स उठून जायची. मग लोईडे डोळे मिटून खुर्चीत तशीच बसायची, कोण उठलं हेसुद्धा बघायची नाही. आत्ता तिला नेमकं तेच वाटलं. भीती होती. पण भीतीच्या वर एक विसावा पसरत होता, आणि तो तिला ढकलवेना. कुणीतरी उठलं होतं. तिला उठायला लागलं नव्हतं.

तिनं तसंच चालू दिलं.

६

सिंहिणीच्या पाणवठ्यावर ती पोचली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं, पण उष्मा तसाच होता. तिला तिथे थांबायचं नव्हतं. एलिफासच म्हणाला, "थांबव ना. ती म्हणतेय—" आणि मग अडखळून, "तूच म्हणालीस ना, इथून चांगलं दिसतं." लोईडेनं गाडी थांबवली. हात गळून गेले होते. मोपानेच्या झाडाखाली, बऱ्याच लांब, पिवळट काहीतरी पसरलेलं होतं. काठावर झेब्रे होते, हरणं होती. ती सगळी आधीपासूनच इकडे बघत होती. तिनं इंजिन बंद केलं. डोळे मिटले. झोपायचं नव्हतं तिला.

जाग आली ती अंगावर गरम हवा आली म्हणून. शेजारचं दार सताड उघडं होतं. सीट रिकामी.

एलिफास पाणवठ्याकडे चालला होता. काठी गाडीतच होती. तो चाचपडत नव्हता, अडखळत नव्हता. ताठ मानेनं, बेतानं, रमतगमत चालला होता, आणि त्याचा डावा हात बाजूला वाकलेला होता. घरातून बाहेर पडताना तो लोईडेचं कोपर धरतो, तसा. बोटं कशाभोवती तरी वळलेली. बोटांमध्ये हवा होती.

झेब्रे बाजूला सरले. त्यांनी वाट करून दिली, ती एका माणसापुरती नव्हती.

मोपानेखालचं पिवळट काहीतरी आता बसतं झालं होतं. सिंहिणीचे कान ताठ होते.

लोईडेचा हात दारावर होता. उतरायचं नाही, एवढा एकच नियम. ती उतरली. जमीन चपलांतून भाजत होती. ती उतरल्याबरोबर सगळ्यात जवळचं हरीण दचकून उडालं, आणि बाकीच्यांचे डोळे क्षणभर तिच्यावर आले. मग परत तिकडे गेले.

"एलिफास," तिनं हाक मारली. मोठ्यानं नाही.

तो काठाशी थांबला. पण मागे वळला नाही. डावीकडे, आपल्या खांद्याच्या उंचीवर तोंड वळवून त्यानं विचारलं, "तू इथेच आहेस ना?" जरा वेळानं त्यानं मान हलवली. मग गोंधळून मागे वळला. "कोण आहे?"

"मी आहे. लोईडे. ये, परत ये. माझ्याकडे ये हळूहळू." ती वॉर्डातल्या आवाजात बोलत होती, जितक्या मायेनं बोलता येईल तितक्या मायेनं.

एलिफासचा चेहरा घाबरा झाला. "हीसुद्धा तेच म्हणतेय," तो म्हणाला. "तुझ्याच आवाजात. दोघी एकच बोलताय. मी कुणाकडे येऊ?"

सिंहीण उभी राहिली.

लोईडेला पुढचं काही सुचलं नाही. विचार करायला डोकं शिल्लकच नव्हतं. पोटातून जे वर आलं ते तिच्या तोंडातून बाहेर पडलं.

"कुणाकडे येऊ काय विचारतोस? अक्कल गहाण ठेवलीस का? बूट न घालता निघालास, मोज्यांवर, पायाला जखम झाली तर चिघळेल माहीत आहे ना, तो पाय कोण धुणार आहे? मीच धुणार. रात्र रात्र ड्यूटी करून येते, घरी आल्यावर तुझं जेवण, तुझं औषध, तुझ्या आईचे फोन, आणि एक दिवस रजा मिळाली ती या धुळीत घालवतेय, आणि तू दार उघडून सरळ चालायला लागतोस. मी दमलेय, एलिफास. मला तुझा कंटाळा आलाय. आत्ताच्या आत्ता इकडे ये."

एलिफास ऐकत होता. त्याचे ओठ थरथरले. आधी तिला वाटलं रडतोय. पण तो हसत होता, आणि रडतही होता.

"ही खरी," तो म्हणाला. आणि त्याची बोटं सुटली.

त्या वेळी लोईडेनं पाण्याकडे पाहिलं. पाणी निवांत होतं, आरशासारखं. त्यात एलिफास उलटा दिसत होता, आणि त्याच्या शेजारी तिचा पिवळा झगा. कोपरात वाकलेला हात. ती स्वतः काठापासून एवढी लांब होती की तिचं प्रतिबिंब तिथे पडणं शक्य नव्हतं. झग्याच्या गळ्यापलीकडे चेहरा होता. तिचाच. फक्त तो पुरेशी झोप झालेल्या बाईचा होता. डोळ्यांखाली काही नव्हतं, कपाळावर काही नव्हतं. तो हळूहळू तिच्याकडे वळायला लागला.

एका झेब्र्यानं पाण्यात पाय टाकला आणि सगळं मोडलं.

लोईडे पुढे झाली, तिनं एलिफासचा उजवा हात धरला आणि ओढला. पळाली नाही. सिंहिणीसमोर पळायचं नसतं, एवढं तिला ठाऊक होतं. ती मागे मागे चालत गेली आणि चालता चालता बोलत राहिली, बूट, मोजे, तुझी आई, माझी पाठ, क्षणभरही न थांबता. तिनं त्याला आत कोंबलं, दार लावलं, वळसा घालून आली आणि बसली.

सिंहीण अर्ध्या वाटेत थांबली होती. ती गाडीकडे बघत नव्हती. कुणीच बघत नव्हतं. सगळी जनावरं काठावरच्या एका जागेकडे बघत होती. मग जिथे कुणी नव्हतं तिथल्या चिखलात एक पाऊल उमटलं. आणि दुसरं, गाडीच्या दिशेनं.

तिनं गाडी हाणली ती थेट फाटकापर्यंत.

७

फाटकावरच्या माणसानं आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "दोघंच ना?" लोईडेनं त्याला तीनदा मागे बघायला लावलं. दोघंच होते.

घरी त्या विषयावर ते बोलले नाहीत. तुयेनीनं फोनवर विचारलं, काय काय पाहिलंत, तर एलिफास म्हणाला, "जिराफ." आणि फोन लोईडेकडे दिला.

पण तेव्हापासून त्याची एक सवय झाली. लोईडे जवळ आली, हात पुढे केला, की तो कोपर धरत नाही. हात मांडीवर ठेवून थांबतो. म्हणतो, "रागावून बोल." मग ती काहीतरी बोलते. शर्टाची गुंडी चुकलीय, नखं वाढलीयत, जे सुचेल ते. कधी राग आलेला नसतो, तरी आणावा लागतो. तो ऐकतो, नीट ऐकतो, आणि मगच हात धरतो. सुरुवातीला दोघंही हसायचे. इतक्या वर्षांत त्यांचं एवढं बरं कधी चाललं नव्हतं, असंही तिला कधी कधी वाटायचं.

आणि ती दमायचीच. ते काही बदललं नाही. उलट आता चिडायचंही काम वाढलं होतं.

एका रविवारी चर्चमधून आल्यावर ती स्वयंपाकघरात भांडी घासत होती. एलिफास पुढच्या ओट्यावर बसला होता. दुपार होती, रस्ता सुनसान होता. ती भांड्यांत हात घालून कितीतरी वेळ नुसती उभी होती. साबणाचा फेस विरून गेला होता. डोळे मिटत होते. तिला वाटत होतं, आज तरी त्यानं कशाला हाक मारू नये.

ओट्यावर खुर्ची सरकली. एलिफास उठला होता. काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

"अगं, हो," त्याचा आवाज आला, हसरा, हलका. "घाई कुठे आहे. चल."

लोईडे तिथूनच ओरडायला लागली. काय ओरडत होती तिला कळत नव्हतं. ओल्या हातांनी भिंत धरत, पातेलं लाथेनं उडवत ती ओट्याकडे निघाली आणि बोलत राहिली, त्याच्या काठीवरून, त्याच्या साखरेवरून, त्याच्या सात पिढ्यांवरून. दार गाठलं तेव्हा तो पहिल्या पायरीवर उभा होता, एक पाय हवेत. त्याचा डावा हात कोपरात वाकलेला होता, आणि तो कान देऊन ऐकत होता, एकदा तिच्याकडे, एकदा आपल्या शेजारी.

"लोईडे," तो घाबरून म्हणाला, "आता हीसुद्धा रागावतेय."